विचारा, पण पेन्सिल घेऊन : सक्रिय दीर्घिका आणि त्यांच्या पोटातली कृष्णविवरं

गेल्या अंकात एम ८७ या सक्रिय दीर्घिकेच्या, म्हणजे जिच्या केंद्रातून प्रचंड ऊर्जा बाहेर पडते अशा दीर्घिकेच्या, केंद्राचं ते प्रसिद्ध छायाचित्र छापलं होतं : नारिंगी कडं आणि आत काळोख. त्यावर पत्रांचा ढीग आला. सारखे प्रश्न मी एकत्र केले आहेत. काहींना सविस्तर उत्तर दिलंय, काहींची दोन ओळींत बोळवण केलीय. राग मानू नये. सदराची जुनी अट कायम आहे. जिथे आकडा येईल तिथे तो स्वतः करून बघायचा. गुणाकार-भागाकारापलीकडचं मी काही मागत नाही.

प्रश्न : कृष्णविवरातून प्रकाशसुद्धा सुटत नाही, असं प्रत्येक लेखात असतं. त्याच लेखात पुढे, विश्वातल्या सर्वांत तेजस्वी वस्तू कृष्णविवरांमुळे चमकतात, असंही असतं. मॅडम, दोन्ही वाक्यं एकाच माणसाला कशी लिहवतात?

मधलं एक वाक्य गाळलं की असा घोळ होतो. चमकतो तो वायू, आणि तोही विवराच्या बाहेर, आत पडण्याच्या वाटेवर असताना. घटना क्षितिज, म्हणजे जिथून परत फिरता येत नाही ती विवराची सीमा, ओलांडलं की त्या वायूचा आपल्याशी संबंध संपला. पण त्याआधी त्याने जी ऊर्जा उधळलेली असते ती आपल्यापर्यंत पोचते.

वायू सरळ रेषेत आत पडत नाही. त्याला थोडा का होईना, आडवा वेग असतो आणि आत सरकेल तसा तो वाढत जातो. त्यामुळे वायू विवराभोवती फिरू लागतो आणि त्याची चपटी तबकडी बनते. आतली कडी भरभर फिरतात, बाहेरची सावकाश. चुंबकीय क्षेत्र या कड्यांना एकमेकांशी बांधून ठेवू पाहतं, त्यातून खळबळ माजते, आतल्या वायूचा कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, बाहेर जातो आणि आतला वायू आणखी आत घसरतो. कृष्णविवरांच्या तबकड्यांत हे कसं घडतं ते बाल्बस आणि हॉली यांनी १९९१ मध्ये दाखवलं. त्यामागची मूळ अस्थिरता चंद्रशेखर यांच्या १९६० मधल्या कामात आधीच सापडते. घसरताना गमावलेल्या ऊर्जेची उष्णता होते. मोठ्या विवराच्या तबकडीचा आतला भाग लाखभर अंशांपर्यंत तापतो आणि मुख्यतः अतिनील प्रकाश देतो. तबकडीच्या वर याहूनही कितीतरी तप्त, विरळ वायू असतो. क्ष-किरण येतात ते तिथून.

आता पेन्सिल घ्या. सूर्यात हायड्रोजनचं हेलियम होताना वस्तुमानाच्या फक्त ०.७ टक्के भागाची ऊर्जा होते. न फिरणाऱ्या कृष्णविवराच्या तबकडीतून उतरताना साधारण ६ टक्के भागाची होते आणि विवर जास्तीत जास्त वेगाने फिरत असेल तर ४२ टक्क्यांपर्यंत. आपण सरासरी म्हणून १० टक्के धरू. एक लाख कोटी सूर्यांइतका उजेड हवा असेल तर वर्षाला किती वायू लागेल? सूर्य सेकंदाला ३.८ × १०^२६ ज्यूल ऊर्जा देतो, वर्षात ३.१५ कोटी सेकंद असतात, आणि १ किलो वायू पडला की ९ × १०^१५ ज्यूल मिळतात. भागाकार केलात तर उत्तर येईल १.३ × १०^३० किलो, म्हणजे सूर्याच्या वस्तुमानाच्या दोन तृतीयांश. एका अख्ख्या दीर्घिकेला लाजवणाऱ्या उजेडासाठी वर्षाला एक सूर्यसुद्धा लागत नाही!

हे गणित किती बरोबर चालतं ते पाहा. २०२४ मध्ये जे०५२९-४३५१ या क्वासारची, म्हणजे ताऱ्यासारख्या ठिपक्याएवढ्या दिसणाऱ्या पण अचाट तेजस्वी अशा दूरच्या दीर्घिका-केंद्राची, माहिती प्रसिद्ध झाली. त्याचं तेज ५०० लाख कोटी सूर्यांइतकं आहे. आपल्या हिशेबाने त्याला वर्षाला ५०० गुणिले दोन तृतीयांश, म्हणजे ३३० च्या वर सूर्य लागतील. संशोधकांनी सांगितलेला आकडा होता दिवसाला साधारण एक सूर्य. वहीच्या पानावर इतकं जमलं, तर मी विद्यार्थ्याला पूर्ण गुण देते.

प्रश्न : मी आठवीत आहे. सूर्याच्या जागी तेवढ्याच वजनाचं कृष्णविवर ठेवलं तर ते पृथ्वीला ओढून घेईल का?

नाही गं. वर्ष ३६५ दिवसांचंच राहील, पृथ्वी आत्ता फिरते तशीच फिरत राहील. अंधार आणि थंडी मात्र भयंकर पडेल. त्या विवराची त्रिज्या ३ किलोमीटर असेल. हा आकडा वहीत लिहून ठेव, पुढे लागणार आहे : एका सूर्यामागे ३ किलोमीटर. वस्तुमान दुप्पट तर त्रिज्या दुप्पट.

प्रश्न : तिथे कृष्णविवरच आहे हे कशावरून? दाट तारकागुच्छ असेल, नाहीतर आपल्याला ठाऊकच नसलेलं दुसरं काही असेल. न दिसणाऱ्या वस्तूवर एवढा विश्वास कसा ठेवायचा?

हा प्रश्न माझ्या आवडीचा आहे, कारण १९६० च्या दशकात शास्त्रज्ञही हाच विचारत होते. कृष्णविवरावर वायू पडून एवढी ऊर्जा मिळू शकते हे साल्पीटर आणि झेल्डोविच यांनी १९६४ मध्ये स्वतंत्रपणे मांडलं. लिंडन-बेल यांनी १९६९ मध्ये त्यापुढे जाऊन म्हटलं, की आज शांत दिसणाऱ्या दीर्घिकांच्या पोटातही विझलेल्या क्वासारची विवरं पडून असणार. तेव्हा बऱ्याच जणांना हे जरा जास्तच वाटलं होतं.

कृष्णविवराची पाळी येते ती इतर पर्याय एकेक करून गळाल्यावर. पहिली कात्री आकाराची. सक्रिय दीर्घिकेच्या केंद्राचं तेज काही वेळा एका दिवसात ठळकपणे कमीजास्त होतं. लांबच लांब मिरवणूक एका क्षणात थांबू शकत नाही. पुढच्याने थांबायचं ठरवलं तरी ते शेवटच्याला कळायला वेळ लागतो. इथे निरोप जास्तीत जास्त प्रकाशाच्या वेगाने जाणार. म्हणजे जी वस्तू एका दिवसात बदलते ती एका प्रकाशदिवसापेक्षा फारशी मोठी असू शकत नाही. प्रकाशदिवस म्हणजे २,६०० कोटी किलोमीटर. नेपच्यूनच्या कक्षेचा व्यास ९०० कोटी किलोमीटर आहे. म्हणजे अख्ख्या दीर्घिकेवर मात करणारा दिवा आपल्या ग्रहमालेच्या तिप्पट रुंदीच्या जागेत मावला पाहिजे.

दुसरी कात्री वजनाची. प्रकाशालाही दाब असतो. दिवा फार प्रखर झाला तर तो आत येणाऱ्या वायूलाच बाहेर ढकलून देईल आणि स्वतःचं इंधन तोडेल. एका सूर्याएवढ्या वस्तुमानाला ही मर्यादा सुमारे ३३,००० सूर्यांच्या तेजाची पडते. म्हणजे एक लाख कोटी सूर्यांच्या तेजासाठी मध्यभागी किमान ३ कोटी सूर्यांचं वस्तुमान हवंच. वर उल्लेखलेल्या जे०५२९-४३५१ च्या विवराचं वस्तुमान २०२४ मध्ये १,७०० कोटी सूर्य काढलं गेलं. त्याला ३३,००० ने गुणा आणि त्याच्या तेजाशी ताडून पाहा. त्या आकड्याने ते अगदी मर्यादेवर चालतंय.

आता कोट्यवधी सूर्यांचं वस्तुमान एवढ्याशा जागेत ताऱ्यांच्या रूपात कोंबायचं म्हटलं, तर तारे एकमेकांवर आदळतील, फुटतील, गोळा होतील आणि थोड्याच काळात त्यांचं कृष्णविवर होऊन बसेल. १९९५ मध्ये एनजीसी ४२५८ या दीर्घिकेत हा युक्तिवाद प्रत्यक्ष मोजमापाला टेकला. तिच्या केंद्राभोवती पाण्याच्या रेणूंचे ढग फिरतात आणि ते सूक्ष्मलहरींत फार ठळक चमकतात. त्यांचे वेग मोजले तर ते ग्रहांसारखा केप्लरचा नियम काटेकोरपणे पाळताना दिसले. त्यावरून आत जवळपास ४ कोटी सूर्यांचं वस्तुमान निघालं. आपल्या आकाशगंगेत तर एकेका ताऱ्याची कक्षा आखली गेलीय. एस२ नावाचा तारा १६ वर्षांत एक फेरी पुरी करतो. २०१८ मध्ये तो केंद्राच्या सर्वांत जवळ आला तेव्हा पृथ्वी-सूर्य अंतराच्या १२० पट अंतरावरून सेकंदाला ७,६०० किलोमीटरहून जास्त वेगाने गेला. गेंझेल आणि गेझ यांना २०२० चं नोबेल मिळालं ते याच कामाबद्दल.

आणि मग ते छायाचित्र. एम ८७ च्या विवराचं वस्तुमान ६५० कोटी सूर्य. मघाचे ३ किलोमीटर वापरा : त्रिज्या १,९५० कोटी किलोमीटर. छायाचित्रातला काळा भाग याच्या सुमारे अडीचपट मोठा दिसतो, कारण विवराजवळून जाणारा प्रकाश वाकतो आणि त्यातला बराचसा आत ओढला जातो. एका वाचकांनी रागाने लिहिलंय, की एवढा खर्च करून चित्र धूसर का. आकाशात त्या कड्याचा कोनीय व्यास ४२ मायक्रोसेकंद आहे, म्हणजे एका अंशाचे ३,६०० भाग करून त्यातल्या एकाचे पुन्हा दहा लाख भाग केले तर त्यातले ४२. पृथ्वीभर पसरलेल्या रेडिओ दुर्बिणींनी एप्रिल २०१७ मध्ये घेतलेल्या नोंदी जुळवून हे चित्र काढायला दोन वर्षं गेली. धूसर म्हणणाऱ्यांनी आधी तो भागाकार करावा.

प्रश्न : सेयफर्ट दीर्घिका, रेडिओ दीर्घिका, क्वासार, ब्लाझार. नावं पाठ करून मुलं कंटाळतात. एकच वस्तू असेल तर एवढी नावं कशाला?

नावं आधी पडली, वस्तू मागाहून कळली. कार्ल सेयफर्ट यांनी १९४३ मध्ये सहा सर्पिल दीर्घिकांची केंद्रं तपासली. त्यांच्या वर्णरेषा, म्हणजे प्रकाशाचा वर्णपट पसरल्यावर त्यात वायूमुळे दिसणाऱ्या ठरावीक रंगांच्या रेषा, विलक्षण रुंद होत्या, म्हणजे तिथला वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने भोवंडत होता. या निबंधाकडे पुढची कित्येक वर्षं फारसं कुणी लक्ष दिलं नाही. तिकडे रेडिओवाल्यांचा वेगळाच संसार चालू होता. हंस तारकासमूहातला सिग्नस ए हा जोरदार रेडिओ स्रोत एकच ठिपका नसून दोन ढगांची जोडी आहे, हे जेनिसन आणि मृणालकुमार दासगुप्ता यांनी १९५३ मध्ये इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँक इथे दाखवलं. जोडीच्या मधोमध एक दूरची दीर्घिका निघाली. आणि बीएल लॅसर्टी तर १९२९ मध्ये चक्क बदलता तारा म्हणून नोंदली गेली होती. १९६८ मध्ये ती रेडिओ स्रोत असल्याचं ध्यानात आलं आणि मग तिच्या नावाने एक वर्गच निघाला, तो आज ब्लाझारांत मोडतो.

यांना एका धाग्यात ओवण्याचं काम बरंचसं एनजीसी १०६८ या दीर्घिकेने केलं. सेयफर्टच्या सहांपैकीच ती एक. पुढे सेयफर्ट दीर्घिकांचे दोन प्रकार केले गेले : पहिल्यात रुंद वर्णरेषा दिसतात, दुसऱ्यात फक्त अरुंद. एनजीसी १०६८ दुसऱ्या प्रकारची. १९८५ मध्ये अँटोनुची आणि मिलर यांनी तिचा फक्त ध्रुवित प्रकाश वेगळा काढून पाहिला आणि त्यात पहिल्या प्रकारच्या रुंद रेषा स्पष्ट उमटल्या! ध्रुवित प्रकाश म्हणजे इथे कशावर तरी आपटून आलेला प्रकाश. केंद्राभोवती धुळीचं जाड कडं आहे, ते आपल्या नजरेआड केंद्र लपवतं, पण कड्याच्या वर तरंगणारे इलेक्ट्रॉन आतला प्रकाश आपल्याकडे परतवतात. म्हणजे दोन प्रकार हे बरंचसं आपण कुठल्या बाजूने पाहतो त्याचं फळ. कड्याच्या बाजूने पाहिलं तर एक नाव, वरून पाहिलं तर दुसरं, आणि केंद्रातून प्रकाशाच्या जवळपास वेगाने निघालेला तप्त वायूचा झोत थेट आपल्यावर रोखलेला असेल तर ब्लाझार.

मुलांना हे एक चित्र काढायला लावा आणि चारही नावं त्या चित्रावर योग्य जागी लिहायला सांगा. मात्र चित्र पुरेसं आहे असं सांगू नका. क्वासारांपैकी साधारण दहांतला एकच रेडिओत जोरदार असतो, आणि ते काही नुसत्या बघण्याच्या कोनावरून सुटत नाही. त्याचं सर्वांना पटेल असं उत्तर अजून मिळालेलं नाही. एनजीसी १०६८ मधूनही नव्या गोष्टी निघतच आहेत. २०२२ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या आइसक्यूब या शोधयंत्रणेने तिच्या दिशेने आलेले न्यूट्रिनो, म्हणजे पदार्थातून जवळपास न अडता जाणारे सूक्ष्म कण, जाहीर केले. धुळीआड प्रकाश अडतो, न्यूट्रिनो अडत नाहीत.

प्रश्न : डॉ. जयंत नारळीकर यांच्या लेखनात वाचल्याचं आठवतं, की क्वासार वाटतात तितके दूर असतीलच असं नाही. मग आता सगळे इतक्या ठामपणे अंतरं का सांगतात?

तुमची आठवण बरोबर आहे आणि तो आक्षेप नीट समजून घेण्यासारखा आहे.

१९६२ मध्ये सिरिल हॅझर्ड यांनी ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या रेडिओ दुर्बिणीतून ३सी २७३ हा स्रोत चंद्राआड जाताना टिपला. चंद्राची कड नेमकी कुठे आहे हे माहीत असतं, त्यामुळे स्रोत कधी लपला यावरून त्याची जागा कळते. तो क्षितिजाच्या इतका जवळ होता, की दुर्बीण आणखी कलवता यावी म्हणून आड येणारी झाडं तोडावी लागली, असं सांगतात. त्या जागी एक साधा निळसर तारा दिसत होता. ५ फेब्रुवारी १९६३ ला मार्टेन श्मिट यांना त्याच्या वर्णपटाचं कोडं सुटलं : अनोळखी वाटणाऱ्या रेषा साध्या हायड्रोजनच्याच होत्या, फक्त सगळ्या जवळपास १६ टक्क्यांनी लाल रंगाकडे सरकलेल्या. ही ताम्रच्युती विश्वाच्या प्रसरणामुळे असेल, तर वस्तू दोनशे कोटींहून अधिक प्रकाशवर्षं दूर आहे आणि आपल्या आकाशगंगेच्या शंभरपट तरी तेजस्वी आहे.

इथेच हॉइल, जेफ्री बर्बिज, आर्प आणि नारळीकर यांनी विचारलं, की ताम्रच्युतीचं कारण प्रसरण हेच कशावरून? वस्तू जवळच्या मानल्या तर त्या अचाट तेजाचं कोडंच उरत नाही. आर्प यांनी जवळच्या दीर्घिकांना चिकटून दिसणाऱ्या क्वासारांची उदाहरणं दिली. ताम्रच्युती निराळ्या कारणानेही होऊ शकते असं गणित नारळीकर यांनी सहकाऱ्यांबरोबर मांडलं. नोंदी कमी असताना असे प्रश्न विचारायचेच असतात, आणि ते विचारायला धाडस लागतं.

पण पुढे पुरावा एका बाजूला साचत गेला. मला सर्वांत निर्णायक वाटतो तो १९७९ चा. वॉल्श, कार्सवेल आणि वेमन यांना ६ सेकंद कोनीय अंतरावर दोन क्वासार सापडले. दोघांचा वर्णपट तंतोतंत सारखा, दोघांची ताम्रच्युती १.४१, म्हणजे रेषा १४१ टक्क्यांनी सरकलेल्या. क्वासार एकच आहे, वाटेतल्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने त्याची दोन चित्रं झालीत. त्या वाटेतल्या दीर्घिकेची ताम्रच्युती ०.३६ आहे. ज्याची चित्रं होतात ती वस्तू भिंगाच्या मागेच असावी लागते, म्हणजे जास्त ताम्रच्युतीचा क्वासार कमी ताम्रच्युतीच्या दीर्घिकेच्या खरोखर मागे आहे. त्यातून एका चित्रात तेज बदललं की दुसऱ्या चित्रात तोच बदल ४१७ दिवसांनी दिसतो, कारण दोन वाटांची लांबी वेगळी आहे. वस्तू शेजारची असती तर हे सगळं कसं जुळवणार? पुढे हबल दुर्बिणीने कित्येक क्वासारांभोवतीच्या यजमान दीर्घिकाच दाखवल्या आणि माझ्यापुरता वाद मिटला. नारळीकरांच्या लेखनातून मी स्वतः शंका घ्यायला शिकले, त्यामुळे हे लिहिताना मला अडचण वाटत नाही.

प्रश्न : एम ८७ मधून निघालेला झोत प्रकाशाच्या सहापट वेगाने जातो, असं एका व्हिडिओत पाहिलं. आइनस्टाइन चुकला म्हणायचं का?

व्हिडिओवाल्यांनी अर्धी गोष्ट सांगितली. मोजमाप खरं आहे. हबल दुर्बिणीच्या चित्रांवरून १९९९ मध्ये त्या झोतातल्या गाठी आकाशात प्रकाशाच्या चार ते सहापट वेगाने सरकताना दिसल्या. अर्ध्या राहिलेल्या गोष्टीचं गणित करू.

समजा, एक गाठ प्रकाशाच्या ९८ टक्के वेगाने निघाली, आणि तिची दिशा आपल्याकडे येणाऱ्या रेषेपासून फक्त १० अंश बाजूला आहे. शंभर वर्षांत ती ९८ प्रकाशवर्षं जाईल : आपल्या दिशेने ९६.५ आणि आडवी १७. निघतानाचा प्रकाश आणि शंभर वर्षांनंतरचा प्रकाश, दोन्ही आपल्याकडे निघाले. दुसरा १०० वर्षं उशिरा निघाला, पण ९६.५ प्रकाशवर्षं जवळून निघाला. म्हणून तो पहिल्यापाठोपाठ साडेतीन वर्षांतच पोचेल. आपल्याला काय दिसलं? साडेतीन वर्षांत १७ प्रकाशवर्षं आडवी चाल. जवळजवळ पाचपट! गाठीने कुठलाच नियम मोडलेला नाही. मार्टिन रीस यांनी असं दिसेल हे १९६६ मध्ये, म्हणजे कुणी ते पाहण्याच्या आधीच, लिहून ठेवलं होतं.

याला जोडून दुसऱ्या पत्रात विचारलंय, की आतून काही बाहेर येत नाही तर झोत येतो कुठून. तोही बाहेरूनच. फिरणारं विवर आपल्याभोवतीचं अवकाश स्वतःबरोबर फिरवतं. तबकडीने आणून सोडलेल्या चुंबकीय रेषा त्यात पिळल्या जातात आणि विवराच्या फिरण्याची ऊर्जा त्या रेषांवाटे दोन्ही ध्रुवांकडून बाहेर निघते. ब्लँडफर्ड आणि झ्नायेक यांचा हा १९७७ चा विचार आजही टिकून आहे. एम ८७ चा झोत हिबर कर्टिस यांनी १९१८ मध्येच पाहून 'विचित्र सरळ किरण' अशा अर्थाची नोंद केली होती. तेव्हा दीर्घिका आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहेत की आत, हेही ठरायचं होतं. तो झोत काही हजार प्रकाशवर्षं लांब आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेली पॉर्फिरियॉन ही झोतांची जोडी टोकापासून टोकापर्यंत २ कोटी ३० लाख प्रकाशवर्षं भरली. ती लोफार या रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींत सापडली आणि झोत कुठल्या दीर्घिकेतून निघालेत हे शोधायला पुण्याजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या नोंदी कामी आल्या.

प्रश्न : आपल्या आकाशगंगेचं विवर कधी जागं होईल का? आपल्याला धोका?

धोका नाही. ते २७,००० प्रकाशवर्षं दूर आहे. त्याचं वस्तुमान सुमारे ४० लाख सूर्य, म्हणजे ३३,००० च्या हिशेबाने ते १३,००० कोटी सूर्यांइतकं चमकू शकेल. प्रत्यक्षात काहीशे सूर्यांएवढंच चमकतं, कारण खायला नाही. पूर्वी मिळालं असावं : आकाशगंगेच्या प्रतलाच्या वर आणि खाली प्रत्येकी सुमारे २५,००० प्रकाशवर्षं पसरलेले गॅमा किरणांचे दोन फुगे २०१० मध्ये सापडले आहेत.

प्रश्न : आधी काय झालं, दीर्घिका की तिचं कृष्णविवर?

याचं उत्तर मला ठामपणे देता आलं असतं तर हे सदर बंद करून मी निबंध लिहायला बसले असते. अडचण कुठे आहे ती मात्र आकड्यांत दाखवते. जे०३१३-१८०६ या क्वासारचा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचं वय ६७ कोटी वर्षं होतं, आणि त्याच्या विवराचं वस्तुमान तेव्हाच १६० कोटी सूर्य झालेलं होतं. प्रकाशदाबाच्या मर्यादेवर अखंड खात राहिलं तर विवर साधारण साडेतीन कोटी वर्षांत दुप्पट होतं. मेलेल्या मोठ्या ताऱ्याचं १०० सूर्यांचं विवर घेऊन सुरुवात करा. १६० कोटींपर्यंत जायला २४ दुपटी लागतात. २४ गुणिले साडेतीन : ८४ कोटी वर्षं. विश्वाच्या तेव्हाच्या वयापेक्षा जास्त! म्हणून काही जण म्हणतात, की सुरुवातीचं विवर एखाद्या प्रचंड ढगाच्या थेट कोसळण्यातून, लाखभर सूर्यांचं, झालं असावं. मग १४ दुपटी, ४९ कोटी वर्षं, हिशेब बसतो. दुसरे म्हणतात, त्या काळी मर्यादा ओलांडून खाता येत असेल. वेब दुर्बिणीने सुरुवातीच्या काळातल्या अशा आणखी विवरांची भर घातलीय, आणि त्यातली काही आपल्या दीर्घिकेच्या मानाने अवाजवी वजनदार दिसतात. माझा कल पहिल्या बाजूला आहे, पण त्यावर पैज लावणार नाही.

प्रश्न : साध्या दुर्बिणीतून यातलं काही दिसतं का, की सगळं वाचूनच समाधान मानायचं?

दिसतं. हिवाळ्यात सुरुवात एनजीसी १०६८ पासून करा, तिचंच दुसरं नाव एम ७७. तिमिंगल तारकासमूहात डेल्टा सेटी ताऱ्यापासून अंशभराच्या आत आहे. प्रत (तेजाचा क्रमांक, जितका मोठा तितकी वस्तू फिकट) नववी, त्यामुळे चार इंची दुर्बिणीतही काळ्या आकाशात धूसर डाग सापडतो. मधला भाग ताऱ्यासारखा टोकदार दिसतो, तेच सक्रिय केंद्र.

३सी २७३ साठी एप्रिल-मे महिने आणि आठ इंची किंवा मोठी दुर्बीण घ्या. प्रत सुमारे १३. कन्या राशीत इटा आणि गॅमा हे तारे शोधा. या दोघांच्या उत्तरेला, इटापासून साडेतीन अंशांवर तो आहे. नकाशा तेराव्या प्रतीपर्यंतचे तारे दाखवणारा हवा, नाहीतर शेजारच्या ताऱ्यालाच क्वासार समजून घरी याल. माझ्या दहा इंची दुर्बिणीत तो फिकट ठिपका दिसतो आणि प्रत्येक नवशिक्याची तक्रार येते, की हा तर साधा तारा आहे. श्मिट यांच्या आधी सगळ्या जगाची तीच समजूत होती. ठिपका नकाशाशी जुळला की कागदावर आजूबाजूच्या चार-पाच ताऱ्यांसकट जागा रेखून ठेवा, आणि शेजाऱ्यांच्या तुलनेत तो किती तेजस्वी वाटला तेही लिहा. त्याचं तेज बदलतं. पुढच्या वर्षी त्याच दुर्बिणीतून पुन्हा पाहून फरक जाणवला तर मला कळवा. नोंदी तारखांसकट पाठवा.